जुन्या मदरशी जुळेल का?

परदेशातल्या न्यू लिन उपनगरातले गुरुदत्त गुरुजी सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर दुरुस्त करत आणि शनिवार-रविवार पत्रिका जुळवत. नितीशने त्यांना एकाच दिवशी दोन ईमेल धाडल्या. एकीत नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर चालेल का, हा प्रश्न. दुसरीत त्याची आणि सुखदाची पत्रिका. पुण्याहून आलेल्या आईने बजावलंच होतं, गुरुजी हो म्हणाले तरच लग्न.

शनिवारी गुरुजींचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

“नवीन मॉडेल एकदम फास्ट आहे हो, पण तापतं फार. जुन्या मदरशी जन्मात जुळायचं नाही. हेच हवं असेल, तर मदर बदला.”

आईचा चेहरा खर्रकन उतरला. “काढ माझं पुण्याचं तिकीट,” म्हणत ती तिथेच बॅग भरायला लागली.

“अगं आई, थांब!” नितीश हसून लोळायचाच बाकी होता. “मदरबोर्डबद्दल बोलतायत ते! कॉम्प्युटरचं आहे हे!”

 

“नाही हो नितीशराव,” फोनमधून गुरुजी म्हणाले, “कॉम्प्युटरची मेल डायल-अपवर अजून उतरतेच आहे. मी पत्रिकेचं सांगतोय.”