नवं फ्लायव्हील
कुंभिवलीच्या गॅरेजात रूपेशने माझ्या आबांपुढे दोन फ्लायव्हीलं ठेवली. इंजिन आणि क्लचमधलं हे लोखंडी चाक आमच्या गाडीचं तडकलं होतं. "एक नवीन हाय, एक भंगारातल्या गाडीचं." आबांनी मडकं घेताना वाजवतात तशी दोन्ही पान्याने वाजवून पाहिली. "नवीनच घाल. धा वर्सं बघायला नको." लकव्यानंतर त्यांचा डावा पाय हलत नाही, हे रूपेशला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी गाडी जोडून झाली. ड्रायव्हरच्या सीटवर बसून आबांनी दोन्ही हातांनी तो पाय उचलून क्लचवर ठेवला. "दबला ना गं पुरा?" पेडल जागचं हललं नव्हतं. "फ्लायव्हील नवीन हाय आबा, क्लच जड लागतो," रूपेश म्हणाला. आबांचा चेहरा खुलला. "तरी म्हनलं! मग हे काढ. भंगारातलंच बसव."