बाटलीचं स्टूल

सारी हयात मी तमाशात सोंगाड्या व्हतो. मी थाप मारायची, जोडीदारानं ‘मग, पुढं?’ म्हणायचं, तवा कुटं माणसं हसायची. नातवाला, ऋतुराजला, मुंबईत विनोदाचं पहिलं बक्षीस मिळालं, तेबी एकट्यानं बोलून! ‘आरं, मग पुढचं इचारतं कोण?’ ‘कुणीच नाही, आबा. एकट्यानंच उभं राहायचं.’ मला काय पटंना. म्हणून त्याच्या सोलापुरातल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जाऊन बसलो. स्टेजवर एक माईक आन पाण्याच्या बाटलीला उंच स्टूल, बास. पोरानं नवी पेठेत बस्ता बांधाय गेलेल्या आत्याचा किस्सा काढला. कुणी हसलं न्हाय. त्याला पुढचं सुचंना. माज्या तोंडातनं सवयीनं निसटलं, ‘मग, पुढं?’ हॉल हसला. ऋतुराज माज्याकडं बगतच ऱ्हायला. मग बाटली खाली ठिवली आन स्टूल माईकजवळ वढलं. ‘आबा, वर येऊन विचारा की.’