वाकडा फ्लेमिंगो

प्रोजेक्ट मुलांनी स्वतःच करायचा, असं नूरीन टीचरनी चौथीच्या पालकांना दोनदा बजावलं होतं. तरी पालकसभेच्या दिवशी टेबलावर मातीचे फ्लेमिंगो एका पायावर असे ऐटीत उभे होते, की टीचरना एकाचाही भरवसा वाटेना. पण प्रत्येक आईने पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "टीचर, यानेच केलाय." पुरावा नव्हता. टीचरनी मुकाट्याने पूर्ण मार्क दिले.

शेवटी राजलक्ष्मीची आई आली. तिच्या लेकीचा फ्लेमिंगो वाकड्या मानेचा होता आणि उभा केला की तोंडावर पडत होता. टीचर हसणार, तेवढ्यात त्यांना आईच्या नखांत बसलेला गुलाबी रंग दिसला.

"म्हणजे तुम्हीच केलाय. आणि मुलीचा वाटावा म्हणून मुद्दाम वाकडा ठेवलाय. मी मार्क कापणार."

आईने बोटं ओढणीत लपवली. दाराबाहेर कुणी उभं नाही ना, ते वळून पाहिलं.

"टीचर, बाकीचे सगळे मी केलेत. ऑर्डरी होत्या. हिच्याला तेवढा हात नाही लावला."