खिडकीखालचा गिलावा
रामवाडीच्या गुणाजी गवंड्याचा निश्चय अढळ होता की पोकळ वाजणाऱ्या गिलाव्याच्या घरात कन्या द्यावयाची नाही. म्हणूनच वरसे येथील नाथाचे नवे घर पाहण्यास तो थापी घेऊनच आला होता. नाथाने कंपनीतील शिफ्ट सांभाळून बाहेरचा गिलावा स्वहस्ते केला होता. गुणाजीची कन्या मालू, हे घर जणू प्रथमच पाहत असल्याप्रमाणे, कौतुकाने न्याहाळत होती. गुणाजीने थापीच्या मुठीने दर्शनी भिंत ठोकली, तोच ढब ढब असा आवाज आला. "ही भिंत हाय का ढोलकी? माल नुसता थापलास, आत हवा कोंडली!" नाथाचा चेहरा उतरला आणि गुणाजी परतण्यास वळला. तथापि गवंड्याचा हात स्वस्थ राहीना. जाता जाता त्याने खिडकीखालीही ठोकून पाहिले. तेथे भिंत दगडाप्रमाणे भरीव वाजली. तो वाकला. चौकटीखाली, जेथे थापी पोचत नाही, तेथे माल दाबलेल्या अंगठ्याचे ठसे होते, आणि ते सर्व डाव्या हाताचे होते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात साच्यात माती अशीच अंगठ्याने दाबून भरतात, म्हणजे हवा राहत नाही. आणि तेथील डावखुरी कारागीर त्याच्याच घरी राहत होती. "मालू, तू हितं कवा आलीस गो?" मालूने डावा हात पदराआड लपविला. गुणाजी खदखदून हसला. "नाथा, च्या टाक. तुझा गिलावा उतरवू, आन् माल कसा दाबायचा ते हीच तुला शिकवंल. पोरीनं नकाराला जागाच ठेवली नाय."