फक्त संशोधनासाठी

एन्नोर बंदराजवळ कंटेनरच्या लॉरीखाली सापडलेल्या वेलूचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत आलं. संमतीच्या कागदावर सही करताना त्याच्या बायकोने मला तमिळमध्ये विचारलं होतं, "याने ते वाचतील ना?" मी मान डोलावत "आमा, आमा", म्हणजे हो, हो, म्हणून मोकळी झाले होते.

दहा मिनिटांत यंत्राने सांगितलं, रक्त साकळतच नाहीये. नेमकं काय कमी पडतंय, तेही सांगितलं. मी खाली वॉर्डला फोन लावला, तर बालाजीराव सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मधुवंती, रिपोर्ट कळवायचा नाही. त्यांनी उपचार बदलले की आपला अभ्यास बिघडतो."

"सर, माणूस मरतोय खाली!"

"आपल्यासाठी तो सत्तेचाळीस नंबर आहे."

संध्याकाळी सत्तेचाळीस नंबर गेला. अभ्यास मात्र ठणठणीत राहिला.

आज सरांचा शोधनिबंध छापून आला. आभारात माझंही नाव आहे. निष्कर्ष एका ओळीचा आहे:

 

"हा रिपोर्ट लगेच वॉर्डला कळवला, तर रुग्ण वाचू शकतो."