डोरीनचं वजन

मिसेस प्रुइटनं काखेतला वजनकाटा हॉलच्या मधोमध ठेवला, पायानं दाबून पाहिला आणि काटा शून्यावर परत आल्यावरच मान वर केली. ती या इमारतीची मॅनेजर होती. भाडेकरूंच्या तोंडी आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता.

"वीस पौंडांच्या आत असेल तर राहील," ती म्हणाली. "वर गेली, तर शनिवारपर्यंत एकतर ती जाईल, नाहीतर तुम्ही दोघंही."

"साडेअठरा आहे," वेंडल म्हणाला. "वाढ पूर्ण झालीय. आता यापुढे ती फक्त अनुभवानं वाढणार."

वेंडल टल्सा शहरातल्या एका शाळेची बस चालवायचा. रोज बावन्न मुलांना घेऊन फिरणाऱ्या माणसाला घरी आल्यावर अजगर शांत वाटतो, यात नवल नव्हतं.

"अर्जात तू 'बुटकी' लिहिलंयस."

"बुटकीच आहे. तिच्या नात्यातले वीस-वीस फूट होतात. ही साडेआठवर थांबली."

"म्हणजे माझ्यापेक्षा साडेतीन फूट उंच."

"लांब," वेंडल म्हणाला. "उभी राहिली की उंच म्हणू."

मिसेस प्रुइट हसली नाही. "आण तिला."

वेंडल जागचा हलला नाही. "तुम्ही पुढच्या मंगळवारी येणार होतात."

"पुढच्या मंगळवारी माझी दाढ काढायचीय."

"काल संध्याकाळी ती जेवलीय."

"मीही जेवलेय."

"ती महिन्यातून एकदा जेवते. अख्खा ससा."

मिसेस प्रुइटनं काट्याकडे बोट केलं.

काचेच्या मोठ्या पेटीत एका कोपऱ्यात काळा प्लास्टिकचा डबा होता आणि डब्यात डोरीन वेटोळं घालून पडली होती. वेंडलनं लोखंडी आकडी घेतली आणि झाकणावर दोनदा टकटक केलं.

"हे कशाला?"

"जेवण आणलेलं नाही, हे सांगायला. नाहीतर हात दिसला की तिला वाटतं, वाढलं."

"मग?"

"मग गैरसमज होतो."

त्यानं डबा तसाच, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या पातेल्यासारखा उचलून काट्यावर ठेवला. आत काही हललं नाही. साडेचोवीस. रिकामा डबा दोन पौंडांचा, तळाशी तसं छापलेलंच होतं.

"साडेबावीस," मिसेस प्रुइट म्हणाली. "शनिवार."

"त्यातले चार पौंड ससा आहे."

"मला एकच प्राणी दिसतोय."

वेंडल स्वयंपाकघरात गेला आणि कचऱ्याच्या डब्यातून प्लास्टिकचं रिकामं पाकीट घेऊन आला. गोठवलेला ससा, एक नग, चार पौंड. मिसेस प्रुइटनं चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"बरं. मग तिला तो बाहेर काढायला लाव. परत वजन करू."

"जेवणानंतर हिसके बसले तर बाहेर येईलही," वेंडल म्हणाला. "पण ओकणं सापाच्या जिवावर बेततं. त्यापेक्षा मी शनिवारी घर सोडतो." पुढचा थांबा कुठला हे सांगावं, तशाच आवाजात तो हे बोलला. मग कोपऱ्यातली रिकामी खोकी मोजायलाही लागला.

मिसेस प्रुइटनं त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत तिनं एकही नियम मोडला नव्हता, आणि आजही मोडणार नव्हती. तिनं पर्समधून नियमांचं पुस्तक काढून अकरावं कलम उघडलं.

"'प्रत्येक घरात जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी,'" ती वाचू लागली. "'प्रत्येकी वीस पौंडांच्या आत.'" तिनं पुस्तक मिटलं. "ससा कुणाचा?"

"म्हणजे?"

"तुझाच ना?"

"माझाच. पण मिसेस प्रुइट, तो मेलेला आहे."

"तिसऱ्या मजल्यावरच्या ओक्सचं कुत्रं चार वर्षं राख होऊन डब्यात बसलंय. यादीत नाव आहे त्याचं. मेल्यावर नाव काढा, असं कलम नाही." तिनं दुसरा कोरा फॉर्म काढला आणि मिटलेल्या पुस्तकावर ठेवला. "नाव?"

"दिलं नव्हतं. नाव दिलं की मग खायला घालवत नाही."

तिनं क्षणभर विचार केला आणि स्वतःच 'हॅरल्ड' लिहिलं. "वजन चार. स्वभाव?"

"शांत."

"भुंकतो?"

"नाही."

"दिवसा घरात एकटा असतो?"

"एकटा नसतो."

"दुसऱ्या प्राण्यांशी जमतं?"

वेंडल म्हणाला, "डोरीनला तो आवडला."

"जमतं," असं म्हणत तिनं खूण केली. "आता फोटो. प्रत्येकाचा वेगळा लागतो. झाकण काढ."

वेंडलनं पुन्हा दोनदा टकटक करून झाकण काढलं. डोरीननं जीभ बाहेर काढली, मिसेस प्रुइटचा वास घेतला आणि जीभ आत घेतली. मिसेस प्रुइट मागे सरकली नाही. तिनं डोक्याचा फोटो काढला, तो नीट आलाय का ते पाहिलं. मग वाकून वेटोळ्याच्या मधल्या फुगवट्यावर मोबाइल आडवा धरला आणि तशीच थांबली.

"हा हलतोय."

"ती श्वास घेतेय," वेंडल म्हणाला.

मिसेस प्रुइटनं तो श्वास संपायची वाट पाहिली, आणि मग हॅरल्डचा फोटो काढला.