तिसरी पायरी

ब्रुकलिनमधल्या मेरेडिथच्या नव्या घराच्या पायऱ्या क्लाइड अ‍ॅलेन आठवडाभर तासत होता. तपकिरी दगडाचे पापुद्रे नुसत्या बोटांनी निघत होते. कुजका थर खरवडायचा आणि वर त्याच रंगाच्या सिमेंटचे लेप चढवायचे, हे त्याचं काम. तिसऱ्या पायरीला माणसांनी बसून बसून खळगा पाडला होता.

"तो आधी बुजवा," मेरेडिथ नाक मुरडत म्हणाली. "कोण कोण बसलं असेल तिथे. अजूनही रविवारी चर्च सुटलं की येऊन टेकतात, कोंबडीची हाडं टाकून जातात. शिसारी येते मला."

क्लाइडनं खळगा बुजवला, साखळी लावली, 'इथे बसू नये' अशी पितळी पाटीही ठोकली. मग काम झाल्याची सही घ्यायला आत गेला. दिवाणखान्यात भिंतभर एक जुना फोटो होता. रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांतली माणसं याच पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसली होती.

"जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. पाहुण्यांची नजर हलत नाही त्यावरून," मेरेडिथ खुशीत म्हणाली. "ही मधली बघा, टोपीवाली, मांडीवर कोंबडीची ताटली घेतलेली. किती आपलेपणा आहे चेहऱ्यावर. अशा माणसांमुळेच तर या गल्लीला मजा आहे."

क्लाइडनं हाताचं सिमेंट पँटला पुसलं.

"ती माझी आई," तो म्हणाला. "तिसऱ्या पायरीवर बसलीय. उठवू का तिला?"